ब्रिटिश रेल्वे आणि आपल्या घरातले जुने फोटो : अनुभव लिहा

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी विलायतेतल्या एखाद्या स्टेशनवर काढलेला फोटो असेल. शिकायला गेलेले काका, रेल्वेने ट्रेनिंगला पाठवलेले आजोबा, डॉक्टरकीसाठी गेलेली मावशी, किंवा तिकडचंच सासर. फोटो माणसाचा असतो, इंजिन किंवा डबा मागे आपसूक आलेला असतो. त्या मागच्या भागाकडे आपण नीट बघावं आणि जे कळेल ते इथे लिहावं, म्हणून हा धागा काढते आहे.

सुरुवात माझ्या वडिलांच्या फोटोने करते. अँकर लाइनच्या बोटी तेव्हा मुंबईहून थेट लिव्हरपूलला जात, प्रवास अडीच-तीन आठवड्यांचा. धक्क्याला लागूनच रिव्हरसाइड नावाचं स्टेशन होतं, बोटीतून उतरायचं आणि लंडनच्या गाडीत बसायचं. बाबांचा फोटो तिथला आहे. अंगावर उसना ओव्हरकोट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. पायाशी होल्डॉल, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने आडनाव. एअर लेटरमध्ये आत काही घालायला परवानगी नसे, त्यामुळे एवढासा फोटो पाठवायलाही महागडं पाकीट घ्यावं लागे. पैसे मोजून वापरायच्या त्या दिवसांत बाबांनी तो खर्च केला, कारण सदाशिव पेठेत आजी डोळे लावून बसली होती. मागे शाईने एकच ओळ आहे : 'सुखरूप पोचलो, थंडी सोसते आहे.' साल नाही. बाबा १९५८ म्हणत, आणि इंजिनानेही तसंच सांगितलं. ते कसं, ते खाली ओघात येईलच. रिव्हरसाइड स्टेशन १९७१ मध्ये बंद झालं.

फोटोबरोबर कोण, कुठे, साधारण कधी एवढं जरूर लिहा. ठाऊक नसेल तर तसं लिहा, मिळून शोधू.

यॉर्कहून

माझं सासर इथलं आणि घरात तीन पिढ्या रेल्वेच्या. सासरे फायरमन होते, म्हणजे इंजिनात कोळसा मारणारे. त्यांचा एक फोटो आमच्या जिन्यात लावलेला आहे. इंजिनाच्या तोंडावर खालच्या बाजूला एक लहानशी लंबगोल पाटी दिसते, तिच्यावर '५०ए'. प्रत्येक इंजिन कुठल्या शेडचं हे त्या पाटीवर असे, आणि ५०ए म्हणजे यॉर्क. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे आहेत आणि डाव्या हातात चहाचा टमरेल. हा चहा फावड्यावर नाश्ता परतता परतता प्यायचा असे, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. फावडं भट्टीत धरायचं, त्यावर अंडी आणि बेकन.

ती शेड वाफेच्या इंजिनांसाठी १९६७ मध्ये बंद झाली आणि १९७५ मध्ये तिथेच राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडलं. मोठ्या दालनात इंजिन फिरवायची गोल चकती आजही आहे. मॅलर्ड तिथेच उभं असतं, १९३८ साली ताशी १२६ मैल वेग गाठून वाफेच्या इंजिनांचा जागतिक विक्रम करणारं. लोक त्याच्याभोवती गर्दी करतात. मामंजी मात्र नातवंडांना घेऊन थेट चकतीपाशी जायचे आणि पहाटे कुठे उभे राहायचे ती जागा दाखवायचे.

मला त्याहून प्रिय फोटो सासूबाईंच्या आईचा आहे. महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा बायका शेडमध्ये आल्या. डोक्याला फडकं, हातात तेलाचा बोळा, मागे अर्धं पुसलेलं चाक तिच्या खांद्याच्या वर गेलेलं. युद्ध संपल्यावर तिला घरी पाठवलं. त्या नोकरीचा एकही कागद आमच्याकडे नाही, हा फोटो तेवढा आहे.

स्टोक-ऑन-ट्रेंटहून, मूळचा बार्शीचा

हे लिहायचं फार दिवस मनात होतं. माझ्या बायकोचं माहेर इथून जवळच, लीक गावी. तिच्या पणजीचा एक फोटो आहे, १९२०च्या दशकातला. हल्म एंड नावाच्या छोट्या स्टेशनात ती डब्याच्या पायरीवर उभी आहे, हातात दुधाची किटली. डबा अरुंद, टोकाला जाळीदार कठड्याची गच्ची. पुढे इंजिनाचा कोपरा दिसतो आणि त्यावर भला थोरला गोल दिवा. इंग्लंडातल्या इंजिनांना एवढे मोठे दिवे नसायचे.

बार्शीला व्हिडिओ कॉल चालू असताना मी तो फोटो सहज वडिलांना दाखवला. ते चष्मा पुसून परत बसले आणि म्हणाले, 'आरं, ही तर आपली बार्शी लाइट!'

खरंच तेच घराणं आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे उभारली. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला तुकडा १८९७ मध्ये सुरू झाला, रूळ अडीच फुटी. एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही आणि तो सगळ्या आसांवर सारखा वाटायचा, म्हणजे हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल जातो, हा त्याचा हिशोब. इकडे पाठवण्याआधी त्याने गाड्यांची चाचणी लीड्सजवळ न्यूले इथे घेतली होती. पुढे ही लाइन पंढरपूर, लातूर करत १९२७ मध्ये मिरजेला पोचली. माझ्या आजीच्या वाऱ्या याच गाडीने झाल्या. एकादशीला टपावरसुद्धा माणसं असत.

बार्शीत हिशोब जमल्यावर स्टॅफर्डशायरमधल्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात रेल्वे बांधायला त्यालाच बोलावलं. १९०४ मध्ये लीक अँड मॅनिफोल्ड लाइन सुरू झाली, तीही अडीच फुटीच. दोनच इंजिनं, दोन्ही लीड्सच्या किट्सन कारखान्यातली, एकाचं नावच 'ई. आर. कॅलथ्रॉप'. डबे पिवळे, गच्चीचे, आमच्याकडच्या उन्हाला शोभतील असे. मोठ्या रुळांवरचे वॅगन जसेच्या तसे उचलून नेणाऱ्या खास गाड्याही होत्या, त्यामुळे दूध मध्ये उतरवावं लागत नसे. एक्टनची दूध-लोण्याची डेअरी बंद पडल्यावर लाइनचा आधारच गेला आणि १९३४ मध्ये तीही बंद झाली. रुळांच्या जागी आता पायवाट आहे, मुलं तिथे सायकली चालवतात.

शाळेत आम्हाला शिकवलं की रेल्वे इंग्रजांनी आणली. ते खरंच आहे. पण बार्शीच्या माळावर सिद्ध झालेलं काम नंतर इंग्लंडच्या डोंगरात गेलं, हे कुणी शिकवलं नाही. माझ्या मुलीची एकीकडची पणजी आणि दुसरीकडची खापरपणजी एकाच माणसाच्या गाड्यांतून हिंडल्या. दोघींचे फोटो मी शेजारी शेजारी लावले आहेत. आजीचा फोटो गाडीतला नाही, घरासमोरचा आहे, कारण बार्शी लाइटमध्ये बसून फोटो काढून घ्यायची तेव्हा कुणाची ऐपत होती? कुणाकडे बार्शी लाइटचे घरगुती फोटो असतील तर कृपा करून इथे टाका. बंद पडलेल्या इंग्लिश लाइनचे फोटो ढिगाने मिळतात, त्यानंतरही कितीतरी वर्षं चाललेल्या आमच्या लाइनचे मिळत नाहीत. याची मला मनापासून खंत आहे.

पुण्याहून

आजोबा भारतीय रेल्वेत तपासनीस होते. १९५०च्या सुमारास ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात आपल्यासाठी डब्ल्यूजी मालगाडी-इंजिनं बनत होती, तिथे ते काही महिने होते. फोटोत इंजिन चक्क रस्त्यावर आहे! ट्रेलरवर चढवलेलं, पुढे ओढणारी गाडी, फुटपाथवर मुलांची झुंबड आणि कडेला हॅट घातलेले आमचे आजोबा. लहानपणी वाटायचं, अपघात झाला असेल. कारण साधं आहे. आपले रूळ साडेपाच फुटी, त्यांचे चार फूट साडेआठ इंची. आपलं इंजिन त्यांच्या रुळांवर चालणारच कसं? म्हणून स्प्रिंगबर्नहून रस्त्याने क्लाइड नदीवर न्यायचं आणि फिनिस्टनच्या क्रेनने जहाजात चढवायचं. १७५ टन उचलणारी ती क्रेन अजून उभी आहे. कारखाना १९६२ मध्ये बंद झाला.

डोंबिवलीहून

थोडं तक्रारीच्या सुरात लिहितो. चुलत्यांचा इंग्लंडातल्या क्रू गावचा कृष्णधवल फोटो एका दुकानात दिला, त्यांनी कॉम्प्युटरवर रंग भरून दिला. इंजिन लालभडक! नंबर ४५ हजारांतला. जाणकारांनी सांगितलं की हे 'ब्लॅक फाइव्ह', अशी ८४२ बनली आणि रंग काळाच. चुलत्यांच्या निळ्या सुटाचा केला तपकिरी. काकू अजून आहेत, त्यांना विचारलं असतं तर सूट कुठल्या रंगाचा ते सांगितलं असतं. मूळ फोटो जपा, रंग भरायचेच असतील तर वेगळ्या प्रतीवर.

(धागाकर्ती)

अगदी पटलं. याच निमित्ताने वर कबूल केलेलं लिहिते. १ जानेवारी १९४८ ला चार मोठ्या कंपन्या मिळून ब्रिटिश रेल्वे झाली. मग इंजिनांचे नंबर बदलले : या कंपन्यांपैकी सदर्नच्या नंबरांत ३० हजार मिळवले, एलएमएसच्या ४० हजार, एलएनईआरच्या ६० हजार. फ्लाइंग स्कॉट्समन हे प्रसिद्ध इंजिन आधी ४४७२ होतं, मग १०३, आणि नंतर ६०१०३. म्हणजे ४ ने सुरू होणारा पाचआकडी नंबर दिसला तर फोटो १९४८ नंतरचा. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या गाडीवर, चाकावर उभा सिंह असेल तर बहुधा १९५६च्या आधीचा, मुकुटातून निघून पंजात चाक धरलेला सिंह असेल तर नंतरचा. बाबांच्या फोटोत दुसरा सिंह आहे. दोन बाणांची खूण १९६५ पासूनची, आणि ब्रिटिश रेल्वेवर वाफेची गाडी दिसली तर बहुधा ऑगस्ट १९६८च्या आधीची. त्यानंतर मेन लाइनवर वाफेच्या नेहमीच्या गाड्या संपल्या.

लँकेशायरहून

आमच्याकडे कागदी फोटो थोडे, स्लाइड्स पुष्कळ. वडील इथे सरकारी इस्पितळात होते. कोडॅक्रोमचा रोल पोस्टाने हेमेल हेम्पस्टेडला जायचा आणि स्लाइड्स होऊन परत यायचा. मग भिंतीवर पांढरी चादर लावून आई पोहे करायची. रिबलहेडच्या पुलाच्या कितीतरी स्लाइड्स आहेत. २४ कमानी, वारा असा की आईने साडीवर दोन स्वेटर घातले आहेत आणि पदर आडवा उडालेला. १९८०च्या दशकात या पुलावरून जाणारी सेटल ते कार्लाइल ही लाइन बंद करायचं घाटत होतं, हजारो लोकांनी हरकती नोंदवल्या, त्यात एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता, कारण तो रीतसर तिकीट काढून प्रवास करायचा. आमच्या घरातूनही पत्र गेलं. १९८९ मध्ये लाइन वाचली. कोडॅक्रोमचे रंग अजून टवटवीत आहेत. त्याच काळातल्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो मात्र पिवळे पडलेत, ते काढून घ्या.

नाशिकहून

मदत हवी आहे. मोठे काका नौदलात होते, आता नाहीत. एका फोटोत ते फलाटावर उभे आहेत, मागे पाटीवरची 'mouth' (उच्चार 'मथ') एवढीच इंग्रजी अक्षरं दिसतात. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का, जुलै १९६१. काकू म्हणतात, बोर्नमथ असावं.

(धागाकर्ती)

फोटो मोठा करून बघितला. रुळांच्या बाजूला तिसरा रूळ आहे, वीज पुरवणारा. बोर्नमथला तो १९६७ मध्ये आला, म्हणजे ते नाही. प्लिमथला नव्हताच. उरतात पोर्ट्समथ आणि वर न्यूकॅसलजवळचं टाइनमथ. टाइनमथच्या फलाटांवर काचेचं नक्षीदार मोठं छत आहे, इथे तर कडेला जहाजाची चिमणी दिसते आहे. पोर्ट्समथ हार्बर स्टेशन पाण्यावरच्या धक्क्यावर बांधलेलं आहे आणि आपले नौदल अधिकारी तेव्हा तिथे प्रशिक्षणाला जात. माझं मत पोर्ट्समथ हार्बर. काकांच्या तुकडीतलं कुणी हयात असेल तर त्यांना फोटो दाखवा, शेजारी उभे असलेले दोघं कोण तेही विचारा.

नाशिकहून

पोर्ट्समथच! कोचीला त्यांचे एक सोबती आहेत, आत्ताच फोनवर बोललो. शेजारच्या दोघांपैकी उजवीकडचे ते स्वतःच. त्यांच्याकडे हा फोटो नव्हता, आज रात्री स्कॅन करून पाठवतो.