अठराव्या वर्षी घोडी पुन्हा भरवावी का?

नीराकाठ (धागाकर्ता)
आमची चिमी. भीमथडी तट्टू, कुमैत रंग, कपाळावर चांदणी. वडिलांनी घेतली तेव्हा दुदाती, म्हणजे तीनेक वर्षांची होती, त्याला आता पंधरा वर्षं झाली. म्हणजे वय अठराच्या आसपास. तीन वेतं झाली, तिन्ही शिंगरं सुखरूप. शेवटचं वेत सहा वर्षांपूर्वीचं. त्यानंतर वडील गेले आणि भरवायचं, म्हणजे घोडा दाखवायचं, राहूनच गेलं.

जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या करनालच्या ब्युरोने भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली तेव्हापासून विचारणारे वाढलेत. कालपर्यंत हेच लोक "तट्टूच की" म्हणून नाक मुरडायचे. शेजारच्या गावात चांगला भीमथडी घोडा आहे. मालक पैसे मागत नाही, फक्त नर झाला तर आधी मला विचारा म्हणतो. घोडी अजून माजावर येते, त्या घोड्याचा वास आला की दावं तोडायला बघते.

घरात दोन तट आहेत. आई म्हणते, तिला आता सुखानं चार घास खाऊ दे. मला वाटतं, एक शेवटचं वेत घ्यावं. जाणकारांनी बोला.

बिऱ्हाड
भरवा दादा, विचारताय काय. आमच्या मेंढरांच्या वाड्यावर घोडी रिकामी ठेवत नाहीत. पाठीवर बिऱ्हाड, वर कोंबड्या, करडं, आणि पोटात शिंगरू, अशी कोकणात उतरते आणि चढूनही येते. आमची एक वीस वर्षांची असताना व्याली, दुपारच्या मुक्कामाला. आम्ही भाकरी खाऊन उठेपर्यंत शिंगरू उभं. तुम्ही जागेवर बांधून खाऊ घालताय, तेच वाईट.

गोठ्यातला डॉक्टर
बिऱ्हाडभाऊंची घोडी दर दोन वर्षांनी वीत होती आणि रोज दहा-पंधरा किलोमीटर चालत होती. चिमी सहा वर्षं रिकामी आहे. नुसत्या अठरा आकड्यापेक्षा मला या सहा वर्षांची काळजी जास्त आहे. म्हाताऱ्या, बरीच वर्षं रिकाम्या राहिलेल्या घोडीचं गर्भाशय लोंबतं. घोडा दाखवल्यावर आत पाणी साचतं ते बाहेर टाकलं जात नाही आणि गर्भ टिकत नाही. माजावर येते म्हणजे गाभण राहील असं नाही, आणि राहिली म्हणजे अकरा महिने नेईल असंही नाही.

आधी सोनोग्राफी करा. जमलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवा, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करून बघा. त्या तपासणीत चार वर्ग असतात. पहिल्यात शिंगरू मिळायची शक्यता ८० टक्क्यांच्या वर, शेवटच्यात १० च्या खाली. शेवटचा वर्ग निघाला तर आईंचं ऐका.

आणि वय कागदावरचं सांगताय की दातावरचं? वरच्या जबड्यातला कोपऱ्याचा दात बघा. दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीजवळ एक उभी खाच दिसू लागते, पंधराला अर्ध्यावर येते, विसाला दाताच्या टोकापर्यंत पोचते.

करडई
मी विरोधात आहे, आणि कारण ऐकीव नाही.

आमची सतराची होती. व्याली रात्री अकराला, अगदी सरळ. शिंगरू उठलं, प्यायलं, आम्ही पेढे वाटायच्या तयारीत. वार (जार) मात्र पडेना. ती जमिनीला टेकत होती, पायाखाली येऊन ओढली जाऊ नये म्हणून मी स्वतः गाठ मारून वर बांधली. सासरे मोबाइलची बॅटरी धरून उभे. रात्री दोनला डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, पडेल सकाळपर्यंत, गायींची पडते की. सकाळी दहाला आले. तिसऱ्या दिवशी घोडी जागची हलेना, खुरांना हात लावला तर तव्यासारखे गरम, आत राहिलेल्या वारेचं विष खुरांत उतरलं होतं. नवव्या दिवशी गेली. शिंगरू मी शेळीच्या दुधावर वाढवलं, पहिले पंधरा दिवस दर दोन तासांनी उठून.

तुमच्या तालुक्यात रात्री दोनला घोडीसाठी येणारा माणूस आहे का, एवढंच आधी ठरवा.

गोठ्यातला डॉक्टर
करडईताई, वाईट वाटलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा हात गायी-म्हशींवर बसलेला असतो, हे कबूल. गायीची वार बारा तास थांबू शकते. घोडीची तीन तासांत पडली नाही तर ती तातडीची केस. वीतानाही तसंच. पाणमोट फुटल्यापासून वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं.

तापीकाठ
सगळे घाबरवतायत म्हणून लिहितो. सारंगखेड्याच्या बाजारात मी वीस वर्षं घोडी बघतोय. म्हातारी घोडी आई म्हणून उत्तमच असते. पहिलटकरीण शिंगराला लाथ मारते, म्हातारी कास पुढे करते. आणि एवढीच भीती असेल तर गर्भ काढून दुसऱ्या घोडीत सोडा. बिकानेरच्या घोडा संशोधन केंद्रात मे २०२३ मध्ये मारवाडी घोडीचा साडेसात दिवसांचा गर्भ दुसरीत सोडून 'राज-प्रथमा' जन्माला आली. मग चिमीला का नाही?

गोठ्यातला डॉक्टर
कारण बिकानेर नीराकाठांच्या इंदापुरात नाही. गंमत सोडा. गर्भ दुसरीत सोडला की चिमीचा विण्याचा धोका टळतो, पण बीजांड अठरा वर्षांचंच राहतं. म्हाताऱ्या घोडीत मुळात गर्भच कमी आणि कमकुवत मिळतात.

तापीकाठ
मग तुमच्या हिशेबानं कुणीच काही करू नये. जात अशी वाचत नसते साहेब.

टेक्ससची माई
मी मूळची बारामतीची, इथे मिनिएचर घोडे पाळते. ही जात म्हणजे आयाळीच्या शेवटच्या केसापाशी मोजलं तर जास्तीत जास्त ३४ इंच. तुमचं भीमथडी तट्टू यांच्यापुढे हत्ती आहे, त्यामुळे माझा अनुभव जसाच्या तसा लावू नका. यांची शिंगरं डोक्यानं मोठी, वीताना अडतात. गाभण मिनिएचर दोन दिवस खायची थांबली तर रक्तात चरबी उतरते आणि त्यातच जाते.

तरीही मी माझी सतरा वर्षांची भरवली. आधी तपासण्या सगळ्या केल्या, शेवटचा महिना तबेल्यात कॅमेरा लावला आणि मी पलंगाशेजारी फोन घेऊन झोपले. नवरा म्हणाला, आपल्या मुलांच्या वेळी तू एवढी जागली नाहीस. सडांवर चिकाचे मेणासारखे थेंब दिसले त्या रात्रीच व्याली.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. वीताना आधी पांढुरकी पिशवी दिसायला हवी. लाल, मखमलीसारखी दिसली तर वार आधीच सुटलीय, शिंगराचा श्वास कोंडतोय. डॉक्टरची वाट बघायची नाही, तिथल्या तिथे फाडायची.

मुकी जनावरं
घोडीला कुणी विचारलं का?

बिऱ्हाड
ती दावं तोडतेय असं लिहिलंय वर. अजून कसं सांगायचं तिनं?

नीराकाठ
दात बघितला. खाच अर्ध्याच्या बरीच खाली गेलीय, टोकाला थोडंच अंतर आहे. म्हणजे अठरा तरी नक्की, जास्तच असेल. आई घोडीची जीभ धरून उभी होती आणि एक शब्द बोलली नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

करडईताई, रात्रीचा माणूस नाही. जवळचा डॉक्टर पस्तीस किलोमीटरवर, तोही गायींचाच. पण चिमी गेली की आमच्या दारातली ही ओळ संपली, हेही खरं ना?

बिऱ्हाड
दादा, एक विचारू? तीन वेतं म्हणालात. त्यात लेकी किती?

नीराकाठ
दोन नर विकले. एक लेक आहे.

बिऱ्हाड
कुठं?

नीराकाठ
बावड्याला, दाजींकडे. नऊ वर्षांची असेल. आईसारखीच कुमैत, चांदणी नाही.

करडई
अहो मग ओळ कुठे संपतेय?

नीराकाठ
दाजींशी बोलणं बंद आहे. बांधावरून. चार वर्षं झाली.

तापीकाठ
लेक ती लेक, आई ती आई. चिमीसारखी निघेलच कशावरून? मी अजूनही म्हणतो भरवा.

टेक्ससची माई
तपासणी करणार असाल तर मी अजूनही 'हो'च म्हणेन. पण लेक असताना मी स्वतः हा धोका घेतला नसता. माझ्याकडे लेक नव्हती.

बिऱ्हाड
मी सुरुवातीला भरवा म्हणालो, तेव्हा लेक असल्याचं तुम्ही लिहिलं नव्हतं. आमच्यात लेक चालती झाली की आईच्या पाठीवरचं ओझं उतरवतात. दाजींना फोनबिन नका करू. बहिणीच्या हातचा चहा प्यायला जा आणि घोडीकडे बघत बसा. ते स्वतःच विषय काढतील, घोडीवाला माणूस गप्प बसत नाही.

नीराकाठ
खरं सांगायचं तर दाजींच्या दारात जाण्यापेक्षा चिमी भरवणं मला सोपं वाटत होतं. रविवारी जातो. सोनोग्राफी तरीही करून घेईन, आईला सांगितलंय.

डॉक्टर, लेक नऊ वर्षांची आणि अजून एकदाही भरवलेली नाही. तिचं काय?

गोठ्यातला डॉक्टर
आधी चहा पिऊन या. मग नवीन धागा काढा.