पैसा आल्यापासून घरचे म्हणतात तू बदलला. खरंच माणूस बदलते का?

वावरवाला_हिंगणा

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसापासून लिहीन लिहीन म्हणत होतो, आज झोपच नाही लागून राहिली म्हणून लिहूनच टाकतो. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आमचं गाव हिंगणा तालुक्यात. बाबांचं साडेसात एकर वावर, कोरडवाहू, पऱ्हाटी अन् तूर. बाबा २०१४ मध्ये गेले, सातबाऱ्यावर आई, ताई, मी अन् लहान भाऊ अशी चौघांची नावं चढली. मग २०१७ मध्ये समृद्धी महामार्गात सव्वातीन एकर गेलं. सरळ खरेदी झाली, भाव चांगला भेटला, सगळं मिळून दीड कोटीच्या वर रक्कम आली. दुपारी रजिस्ट्री अन् संध्याकाळी मोबाईलवर मेसेज, मी ते शून्य तीनदा मोजले. आमच्या घरी तोवर पन्नास हजार एकत्र कोणी पाहिले नव्हते, ते पण पीककर्जाचे.

दोघा भावांनी अर्धे अर्धे केले. मी बेस्याला घर बांधलं, पोरांना चांगल्या शाळेत टाकलं, थोडी एफडी केली. भावाने मोठी गाडी घेतली अन् बाकीचे एका ओळखीच्याच्या लेआऊटमध्ये टाकले, ते अडकले, आता तो म्हणते दादा तू दे. दोनदा दिले, एकदा तीन लाख, एकदा दीड. तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर दिवाळीला आला नाही. काकांच्या पोराला नोकरीसाठी दोन लाख दिले, त्याचा आता फोन लागत नाही. अन् माझा बालपणीचा सोबती, ज्याच्यासोबत मी वीस वर्षं तर्री पोहे खाल्ले, कधी तो पैसे द्यायचा कधी मी, हिशोब कोणीच ठेवला नाही, तो आता प्लेट संपली की खाली पाहत उभा राहते, मी खिशात हात घालायची वाट पाहते. चार लाख त्यालाही दिले होते पोरीच्या लग्नाला. तेव्हापासून तो मला टाळून राहिला, मी तर एकदाही मागितले नाही.

आई बेस्याला चार महिने राहिली अन् गावी परत गेली, म्हणते तुझ्या घरात पाय ठेवायला भीती वाटते, फरशी डागाळेल. ताई उमरेडला असते, तिने कधी काही मागितलं नाही, हक्कसोडवर, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर पण आनंदाने सही केली, राखीला येते, पण आजकाल जास्त बोलत नाही. दरवर्षी उन्हाळ्यात भिवापुरी मिरचीचं तिखट कुटून पाठवायची, दोन वर्षांपासून ते पण बंद.

सगळे म्हणतात मी बदललो. मला वाटते मी तोच आहे, लोक बदलले, प्रत्येक फोन आला की आधी वाटते आता किती मागते. खरं काय ते कोणी तिऱ्हाईत माणूस सांगू शकते का? मनापासून विचारून राहिलो.

बुटीबोरी_शिफ्टवाला

भाऊ, सगळ्यांचं सोडतो, तुमच्या सोबत्याबद्दल बोलतो कारण मी तो सोबती आहे. म्हणजे तुमचा नाही, दुसऱ्या एकाचा. २०१९ मध्ये मित्राकडून अडीच लाख घेतले बाबांच्या ऑपरेशनसाठी, सहा महिन्यांत देतो म्हटलं होतं. कंपनीत ओव्हरटाईम बंद झाला, मग कोरोना आला, नाही जमलं. त्याने एकदाही मागितले नाहीत, अन् खरं सांगतो त्याने मागितले असते तर बरं झालं असतं, भांडून तरी बोललो असतो. तो गप्प अन् मी गप्प. तो रस्त्यात दिसला की मी गाडी दुसऱ्या गल्लीत घालायचो, घरी येऊन जेवण जायचं नाही. मग मागच्या वर्षी त्याच्या घरी गेलो अन् म्हटलं महिन्याचे तीन हजार देतो, जमते तोवर. तो म्हणाला राहू दे रे. मी म्हटलं राहू देऊ नको, घे. आता पहिल्या तारखेला पाठवतो अन् त्या दिवशी फोनवर बोलणं होते. तुम्हीच जा त्याच्याकडे अन् एक तर माफ केले असं तोंडाने सांगून टाका किंवा हप्ता बांधून द्या, छोटा का असेना. मोकळं लटकवून ठेवू नका त्या माणसाला.

आकड्यांपलीकडे

१९७८ चा एक अमेरिकेतला अभ्यास आहे, इलिनॉय राज्यातले २२ लॉटरी जिंकलेले लोक घेतले होते. त्यांना विचारलं की मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, टीव्ही पाहणं अशा साध्या गोष्टींत किती मजा येते, तर लॉटरी न लागलेल्या लोकांपेक्षा त्यांनी कमी सांगितली. अभ्यास लहान आहे, लॉटरीच्या आधी तेच लोक कसे होते हे त्यात तपासलेलं नाही, म्हणून फार ताणू नये. पण तुमचं पोह्याचं वाचलं अन् तेच आठवलं. प्लेट तीच, तर्री तीच, पण आता पैसे कोण देते हा प्रश्न मधात येऊन बसला.

मानेवाड्याची_ताई

दादा, तुम्ही तिऱ्हाईत माणूस मागितला म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नका. मी तुमचा प्रश्न तीनदा वाचला. भावाला तीन लाख अन् दीड लाख, चुलतभावाला दोन लाख, सोबत्याला चार लाख, सगळ्यांचे आकडे तुम्हाला पाठ आहेत. ताईच्या नावापुढे आकडाच नाही. तिथे फक्त "आनंदाने सही केली" असं आहे.

दादा, मी पण अशीच सही केली आहे. माझ्या माहेरचं वावर रस्त्यात नाही, विमानतळाकडच्या बाजूला गेलं. मला फोन आला, बाई आधार कार्ड अन् दोन फोटो घेऊन ये. मी सुट्टी टाकून गेले. ऑफिसच्या बाहेर बाकावर तीन तास बसली, आत बोलावलं, बोटांचे ठसे घेतले, कॅमेऱ्यात फोटो काढला. साहेबाने विचारलं राजीखुशीने देता का, मी हो म्हटलं. माझा भाऊ बाजूलाच उभा होता, मी नाही कशी म्हणणार होते? मला खरंच पैसे नको होते. पण बाहेर आल्यावर माझा भाऊ म्हणाला तू ऑटोने जा, आम्हाला बँकेत जायचं आहे. जेवली का हे पण नाही विचारलं. घरी येऊन मी रडली अन् मिस्टरांना सांगितलं डोकं दुखते म्हणून.

माहेर म्हणजे बाईसाठी काय असते हे तुम्हाला कसं सांगू, सासरी काही झालं तर जायला एक दार आहे एवढंच असते. सही केली तेव्हा मला वाटलं मी ते दार उघडं ठेवायची किंमत देऊन राहिली. अन् नंतर दारच बंद झालं, कारण भावाला माझ्याकडे पाहिलं की ती सही आठवत असेल, मग तो पाहणंच टाळते. जे मागतात त्यांना तुम्ही दिलं, चिडून दिलं पण दिलं. जिने मागितलं नाही तिचं काय दादा? तिखट बंद झालं ते तुम्ही लक्षात ठेवलं, ही चांगली गोष्ट आहे. आता ते का बंद झालं तेही शोधा.

दिवाणी_काका

मी तीस वर्षं जमिनीच्या केसेस पाहिल्या, थोडं कायद्याचं सांगतो. वडील २०१४ मध्ये वारले. जमीन त्यांनी स्वतः कमावलेली असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, दोन मुलं अन् मुलगी यांना सारखा वाटा. वडिलोपार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाइतकीच हक्कदार, अन् ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्पष्टच केलं की हा हक्क तिला जन्मापासून आहे. तुमच्या घरात दोन्ही बाजूंनी हिशोब तोच येतो, प्रत्येकाला चार आणे. म्हणजे दीड कोटीतल्या रुपयामागे चार आणे ताईचे अन् चार आणे आईचे होते, ते दोघा भावांनी वाटून घेतले. हक्कसोड रजिस्टर आहे तर कायद्याने ते तुमचंच, ताईला दस्त रद्द करायचा असता तर फसवणूक सिद्ध करावी लागली असती अन् ती कळल्यापासून तीन वर्षांत दावा टाकावा लागला असता. कोर्टाचं बोलून राहिलो, घरातलं तुमचं तुम्ही बघा.

एक मात्र आजच तपासा. हक्कसोड फक्त रस्त्यात गेलेल्या सव्वातीन एकराचं होतं की पूर्ण साडेसात एकराचं? घाईत लोक सगळेच गट लिहून टाकतात अन् सही करणारीला सांगतात रस्त्याचं काम आहे.

ताईला रक्कम द्यायची असेल तर बहीण भाऊ इन्कम टॅक्सच्या व्याख्येत नातेवाईक येतात, तिला त्या रकमेवर टॅक्स नाही. चेकने किंवा बँकेतून द्या, एका कागदावर लिहून ठेवा. जमीन द्यायची तर बक्षीसपत्र रजिस्टर करावं लागेल, त्याची स्टॅम्प ड्युटी वेगळी.

वावरवाला_हिंगणा

सगळ्यांचे आभार. मानेवाड्याच्या ताई, तुमचं वाचून दोन दिवस इथे काही लिहू शकलो नाही.

कागद काढला. आठ वर्षांत पहिल्यांदा पूर्ण वाचला. काका बरोबर बोलले, पूर्ण साडेसात एकराचं आहे, सगळे गट. मी ताईला फोनवर रस्त्याचं काम आहे एवढंच म्हटलं होतं. मुद्दाम खोटं नाही बोललो हे देवाशपथ सांगतो, मला पण माहीत नव्हतं, अर्जनवीसाने लिहिलं अन् मी पाहिलं नाही. पण माहीत करून घ्यायची गरज नाही वाटली, हे पण खरं. त्या दिवशी ती उमरेडवरून एसटीने आली होती, सकाळी सहाची गाडी. पुरणपोळीचा डबा घेऊन आली होती आमच्यासाठी. तो डबा आम्ही गाडीत खाल्ला, बँकेत जाताना. तिला बसस्टँडवर सोडून दिलं.

काल मिसेसला दाखवलं सगळं. मला वाटलं ती नाही म्हणेल, पोरांची फी आहे, घराचं काम बाकी आहे. ती म्हणाली मला पण माझ्या भावाने असंच बोलावलं होतं, तुम्हाला सांगितलं नाही मी. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली, मला हे काल कळलं.

भावाला फोन केला. तो म्हणते माझ्याजवळ काही नाही, तुला द्यायचं तर तू दे. ठीक आहे, माझ्याकडची एफडी मोडून माझ्या हिश्शाचं तिचं जेवढं निघते तेवढं तिच्या खात्यात टाकणार, अन् उरलेल्या सव्वाचार एकरात तिचं नाव कसं लागेल ते काकांना वेगळं विचारतो. आईचं पण तिच्या नावाने वेगळं ठेवतो, तिला कोणाकडे हात पसरायला नको. सोबत्याकडे पण जायचं आहे, बुटीबोरीवाल्या भावाचं पटलं.

ताईला फोन लावला. मी म्हटलं ताई, त्या कागदाबद्दल बोलायचं आहे. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली आईच्या गुडघ्याला दाखवलं का तू? मी म्हटलं नाही. ती म्हणाली आधी ते कर. अन् फोन ठेवला.

उद्या आईला नागपूरला आणतो डॉक्टरकडे. रविवारी आम्ही दोघं उमरेडला जाणार, सकाळी सहाच्या एसटीने.