बोटीतलं जीपीएस आणि पाण्याची खोली सगळ्या खलाशांच्या फोनवर दिसावी का?

खाडीकाठ

काकांची रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात चौदा मीटरची ट्रॉलर आहे. केबिनमध्ये तांडेलासमोर, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्यासमोर, नकाशावर जागा दाखवणारा जीपीएस प्लॉटर, बाजूला खालची खोली आणि मासळी दाखवणारा फिश फाइंडर, वर वायरलेस. बोटीवर माणसं आठ, पण आपण कुठे आहोत आणि खाली पाणी किती, हे माहीत असतं एकट्या तांडेलाला.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मध्यरात्री तांडेलांच्या छातीत कळ आली. किनारा तीस मैलांवर. एका खलाशाने वायरलेस उचलून आसपासच्या बोटींना हाक मारली. समोरून विचारलं, "कुठे आहात?" त्याला सांगता येईना. प्लॉटर डोळ्यांसमोर चालू होता, पण त्यावरचे कुठले आकडे वाचायचे हे त्याला कधी कुणी दाखवलंच नव्हतं. पाऊण तास त्यात गेला. तांडेल वाचले, पण तो पाऊण तास माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून या वेळी १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत, बोट वर घेतलेली असताना, मी एक जोडणी केली. प्लॉटरच्या मागून एनएमईए ०१८३ च्या, म्हणजे बोटीवरच्या यंत्रांनी एकमेकांना माहिती द्यायच्या ठरलेल्या पद्धतीच्या, दोन वायरी निघतात. त्यांतून सेकंदाला ४८०० बिटांच्या संथ वेगाने साध्या अक्षरांच्या ओळी येतात. डॉलरच्या चिन्हाने सुरुवात, मग वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा आणि शेवटी ओळ चुकली तर कळावी म्हणून चेकसम. फिश फाइंडरकडून खोलीची तशीच ओळ येते. हे सगळं रास्पबेरी पाय नावाच्या एका छोट्या, स्वस्त संगणकात घेतलं. त्यावर सिग्नल के हा मोफत सर्व्हर चालतो. पाय स्वतःचंच वायफाय उभं करतो, इंटरनेट लागत नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये मोठ्या आकड्यांत दिसतं: आपली जागा, किती वाव पाणी, मिरकरवाडा कुठल्या दिशेला आणि किती मैल. मजकूर मराठीत आणि नेपाळीत, कारण आमचे पाच खलाशी नेपाळचे आहेत. खर्च सहा हजारांच्या आत.

हे प्रत्येक बोटीवर असायला हवं असं माझं मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

बावीस_हंगाम

भाऊ, तुमच्या तांडेलांचं वाचून जीव हलला. मीही तांडेल आहे. तरी माझा विरोध आहे.

पॉइंट ही तांडेलाची कमाई असते. कुठल्या खडकाच्या कडेला कुठल्या महिन्यात मासळी बसते, कुठे जाळं अडकतं, हे मी जाळी फाडून घेऊन शिकलो. खलाशी आज माझ्याकडे, पुढच्या हंगामात दुसरीकडे. त्याच्या फोनवर वर्षभराचा माग जमला तर ती कमाई त्याच्याबरोबर चालती झाली. मग मालकाने मला कशाला ठेवायचं?

सर्किटवाला

मी बंदरात बोटींची इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करतो. जोडणीची कल्पना बरोबर आहे, पण मांडणी बेंचवरची वाटते. समुद्रावर तीन गोष्टी तिला मारतील.

पहिली वीज. इंजिनचा स्टार्टर फिरला की १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर खाली बसते. पाय तेवढ्यात बंद पडतो आणि नेमकं त्याच वेळी काही लिहिलं जात असेल तर मेमरी कार्ड खराब होतं. चांगला ५ व्होल्टचा कन्व्हर्टर लावा आणि कार्ड फक्त वाचता येईल असं लॉक करा, ती सोय पायच्या सेटिंगमध्येच आहे. दुसरी वायर. प्लॉटरची जोडी थेट पायच्या पिनांना लावली असेल तर आजच काढा. मध्ये ऑप्टो-आयसोलेटर, म्हणजे वीज न जोडता उजेडाने सिग्नल पुढे देणारा भाग, हवा, नाहीतर बोटीच्या अर्थिंगचा दोष पाय जाळेल आणि प्लॉटरही सोबत नेईल. आणि प्लॉटरची फक्त बाहेर येणारी वायर घ्या, आत जाणारी जोडूच नका. पायने नुसतं ऐकावं.

तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची आहे. फोन बॅटरी वाचवायला वायफायवरून येणारी माहिती घेणं मध्येच थांबवू शकतो. पडद्यावर मात्र शेवटचा आकडा तसाच राहतो. माणूस वीस मिनिटांपूर्वीची जागा आत्ताची समजून वायरलेसवर सांगेल, आणि मदतीची बोट तिकडे जाईल. काहीच न दिसणं त्याहून बरं.

दुसरा_मेट

मर्चंट नेव्हीत आहे. साधा प्रश्न: प्रत्येक फोनमध्ये जीपीएस असतंच, नेटवर्क नसतानाही चालतं. मग ही खटपट कशासाठी? शिवाय मासेमारी बोटींसाठी एक लाख ट्रान्सपाँडरची, म्हणजे बोटीची जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रांची, सरकारी योजना ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला सुरू झाली. तो ब्लूटूथने मोबाइल ॲपला जोडता येतो.

कुणी यात एआयएसचा, म्हणजे जहाजं रेडिओवरून आपली जागा सांगतात त्या यंत्रणेचा, रिसीव्हर जोडणार असेल तर त्यालाही सांगतो. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर तुम्हाला आमची जहाजं दिसतील, पण नुसत्या रिसीव्हरने आम्हाला तुम्ही दिसणार नाही. लाकडाची किंवा फायबरची बोट रडारवर फार फिकी येते, उसळत्या समुद्रात तर लाटांत हरवते. रात्री आमच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतून, तुमचा दिवा शोधावा लागतो. तेव्हा तुमचा माणूस फोनमध्ये बघत बसलेला मला नको आहे.

खाडीकाठ

सर्किटवाला, तुमचं पत्र वाचून सकाळी बोटीवर गेलो. वायर खरंच थेट लावली होती. काढली, आयसोलेटर मागवलाय. पडद्याचंही बदललं: पाच सेकंदांत नवी ओळ आली नाही तर आकडे जातात आणि "माहिती थांबली" एवढंच लाल अक्षरांत उरतं.

मेटसाहेब, ट्रान्सपाँडर हवाच, तो उपग्रहावरून किनाऱ्याशी बोलतो. पण फिश फाइंडरची खोली त्याच्या ॲपवर येत नाही, आणि खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर बोट लागते तेव्हा मला खोलीच हवी असते. फोनचं जीपीएस आहे हे कबूल. मात्र त्या रात्री पाच जणांच्या खिशात फोन होते. जागा कुठे बघायची हे एकालाही माहीत नव्हतं.

पालव

मी तांडेलाची मुलगी. बाबांच्या काळी प्लॉटर नव्हता. ते जागा धरायचे डोंगरावरून: दीपगृह अमुक सुळक्याच्या उजव्या अंगाला आलं आणि मागचं देऊळ माडांवरून दिसू लागलं की जाळं टाकायचं. त्या खुणा सगळ्या खलाशांना दिसायच्या. लपवणार कशा? बाबांचा एक जुना खलाशी पुढे स्वतः तांडेल झाला, त्याच खुणांवर.

बावीस_हंगाम दादा, तुमचं दुःख मला कळतं, आमचं घर त्याच कमाईवर चाललं. पण जागा एका माणसापुरती झाली ती प्लॉटर केबिनमध्ये आल्यावर. दर्यावरची ही जुनी रीत नव्हे.

बावीस_हंगाम

ताई, डोंगर दिसतो तिथवर तुमचं खरं. आम्ही आता डोंगर बुडाल्यावर पुढे जातो.

मेटसाहेबांनी फोनच्या जीपीएसचं लिहिलं, ते मला चांगलं माहीत आहे. म्हणूनच जाळं टाकताना मी सगळ्यांचे फोन केबिनच्या डब्यात ठेवायला लावतो. मग सांगा, अडचणीच्या वेळी तुमची जागा कुणाच्या फोनवर दिसणार?

खाडीकाठ

याचा मी विचारच केला नव्हता. फोन डब्यात असतील तर माझी अर्धी योजना तिथेच संपली.

असं केलं तर? मागच्या डेकवर, केबिनच्या भिंतीला एक जुना टॅबलेट पारदर्शक डब्यात कायमचा बसवायचा. एरवी त्यावर फक्त खोली आणि मिरकरवाड्याची दिशा आणि अंतर. बटण दाबलं तरच अक्षांश-रेखांश, आणि वायरलेसवर जे बोलायचं ते वाक्य जसंच्या तसं. पाय माग साठवणार नाही.

सर्किटवाला

दिशा आणि अंतर दिलंत म्हणजे जागा दिलीच. नकाशावर दोन रेघांत निघते. लपवायची तर तिन्ही लपवा.

आणि टॅबलेट एकाच जागी बसवणार असाल तर वायफाय कशाला? वायर टाका.

खाडीकाठ

बरोबर, एरवी फक्त खोली ठेवतो. वायर मात्र जाळं ओढायच्या विंचच्या बाजूने न्यावी लागेल, आणि तिथली डेकलाइटची वायर गेल्या हंगामात तीनदा तुटली. फायबरच्या बोटीत वायफाय मागच्या टोकापर्यंत नीट पोचतं, चालून बघितलंय.

बावीस_हंगाम

बटण दाबलं की केबिनमध्ये मोठा भोंगा वाजला पाहिजे. मी शुद्धीत असेन तर मला कळेल कुणी दाबलं ते. एवढं करा, मग नारळी पौर्णिमेआधी येऊन बघतो. फोनवर द्यायला माझी अजून ना आहे.

पालव

आणि ते वायरलेसवरचं वाक्य प्रत्येक खलाशाकडून बंदरातच दोनदा मोठ्याने म्हणून घ्या, नेपाळी मुलांकडून आधी.