आर्किटेक्टच्या हातात नक्की किती पडतात? (मुलीच्या ॲडमिशनआधी विचारतोय)

बेदाणा, तासगाव

मंडळी, नमस्कार. मुलगी बारावी झाली. नाटाचा (आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेचा) स्कोअर बरा आहे आणि बी.आर्क.च करायचं म्हणून हटून बसली आहे. पाच वर्षांचा कोर्स. पुण्यातल्या ज्या खासगी कॉलेजात नंबर लागेल असं दिसतंय, तिथली फी वर्षाला १ लाख ६० हजार, होस्टेल-मेस वेगळं. बेदाण्याला दर लागला तर एक वर्ष निघून जाईल, पण सलग पाच वर्षं दर लागल्याचं मला तरी आठवत नाही.

गावात विचारलं तर निम्मे म्हणतात आर्किटेक्ट लाखांत खेळतात, निम्मे म्हणतात आमचा पुतण्या पंधरा हजारांवर राबतोय. मला सरासरी नको. पास झाल्यावर किती, पाच-सात वर्षांनी किती आणि चाळिशी ओलांडल्यावर किती, ते ज्याचं त्याने सांगा. खर्च जाऊन घरी येतात ते.

रात्रीचं सबमिशन, पुणे

काका, मी २०२१ ला पास झाले. इंटर्नशिपला बंगळुरूत होते. स्टायपेंड सहा हजार आणि पीजीचं भाडं साडेआठ, म्हणजे नोकरी करायला बाबाच पैसे भरत होते. पहिला पगार पुण्यात १६ हजार, वर्षाने १९. ऑफिस बदललं तेव्हा २८, पुन्हा बदललं, आता ३६. एकाच जागी बसून कुणाचा वाढलेला मी पाहिला नाही.

आणि एक. ज्या ऑफिसचं नाव मोठं, तिथे सुरुवातीचा पगार बहुतेक कमीच. फुकट यायलाही पोरं रांगेत उभी असतात ना. डेडलाइनच्या आठवड्यात रात्रीचे अकरा होतात, त्याचे पैसे नाहीत, वडापाव मिळतो.

ओळंबा, सांगली

तासगावकर, पगाराचं ऐकलंत, आता स्वतःच्या प्रॅक्टिसचं ऐका. जवळचेच आहात म्हणून मोकळेपणाने लिहितो.

मी २००१ चा. पुण्यात पहिला पगार साडेतीन हजार. नकाशांच्या जुन्या अमोनिया प्रिंटचा वास नाकात बसलेली बहुधा आमची शेवटचीच बॅच. पाच वर्षांनी ११ हजार होते तेव्हा सोडून सांगलीला आलो आणि वडिलांच्या ओसरीवर टेबल टाकलं. पहिला बंगला १४०० स्क्वेअर फुटांचा. फी ठरली १५ रुपये फूट, म्हणजे २१ हजार. हातात आले १५. उरलेल्या सहाचं पुढे सांगतो, कारण या धंद्याचं सगळं गणित त्या सहात आहे.

आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या पुस्तकात फी बांधकामखर्चाच्या टक्क्यांत लिहिलेली आहे. सांगलीत ती स्क्वेअर फुटात बोलतात. आज २००० फुटांचं घर, २२०० च्या दराने ४४ लाखांचं होतं. नुसते पाच टक्के धरले तरी २ लाख २० हजार झाले. मी ४५ रुपये फुटाने ९० हजार सांगतो, आणि समोरचा म्हणतो, "साहेब, पलीकडचे इंजिनिअर आठ रुपयांत नकाशा पास करून देतात की." खोटं नाही ते. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टने 'आर्किटेक्ट' ही पाटी राखून ठेवली, काम नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं: नोंदणी नसलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही, पण डिझाइन करायला त्याला बंदी नाही. त्याच वर्षी डिसेंबरात युनिफाइड डीसीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि लहान प्लॉटची परवानगी सोपी झाली. चांगलंच झालं. पण आता काही जण विचारतात, "परवानगीचं काही राहिलं नाही म्हणे, मग तुमची फी कशाची?" लोकांच्या लेखी आपण महापालिकेत चकरा मारणारा माणूस. घरात दुपारचं ऊन कुठून येतं आणि स्वयंपाकघरातून दार दिसतं का, याचे पैसे कुणी मोजत नाही.

आता ते सहा हजार. फीचे टप्पे असतात. माझे असे होते: स्केचेस पसंत पडले की २० टक्के, सबमिशनला, म्हणजे नकाशा परवानगीला दाखल केला की ३०, स्लॅबपर्यंतची वर्किंग ड्रॉइंग्ज (साइटवर बांधायला लागणारे नकाशे) दिली की ३० आणि काम पुरं झालं की २०. पहिले दोन टप्पे मालक हसत देतो, त्याला कागद हवा असतो. तिसरा ओढाताणीने येतो, तोही कधी अर्धवट. चौथ्याची वेळ येते वास्तुशांतीला. त्या पहिल्या बंगल्याच्या वास्तुशांतीला मला पाटावर बसवलं, टॉवेल-टोपी, शर्टपीस आणि नारळ दिला. मालक चार पाहुण्यांना म्हणाले, "ह्यांनीच आमचं घर उभं केलं." अशा माणसाला जिलेबी खाता खाता सहा हजार कसे मागायचे? नाही मागितले. पुढच्या महिन्यात मागितले तर म्हणाले, "फर्निचरात हात अडकलाय." अजून अडकलेलाच आहे. शर्टपीस मात्र मी शिवून घेतला. बाही आखूड झाली.

असे सात-आठ शर्टपीस गोळा झाल्यावर बायकोने एक लाल वही आणली आणि वर 'येणे' लिहिलं. तिने पहिल्यांदा बेरीज केली ती २०१४ साली, ४ लाख १० हजार. त्या वर्षी आमच्या घरी खर्चाला तेवढे आले नव्हते. वही हातात घेऊन ती काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

मग टप्पे बदलले. शेवटचे २० मी आता विटकाम संपलं की घेतो, टाइल्स निवडायच्या आधी. भोगवट्याचा (राहायला जायच्या दाखल्याचा) अर्ज थकबाकी शून्य झाल्याशिवाय भरत नाही. आणि तिसरा टप्पा स्लॅबच्या चार दिवस आधी. काँक्रीटची गाडी सांगितलेली असते, सेंट्रिंगवाल्याची पोरं वर चढलेली असतात, अशा वेळी आर्किटेक्ट सळई तपासायला यावा असं प्रत्येकाला वाटतं. हे अडवणुकीसारखं दिसतं, मान्य आहे. मला आवडतही नाही. पण पैसे आले नाहीत म्हणून सळई तपासायला गेलो नाही, असं एकदाही केलेलं नाही.

तुम्ही आकडा मागितला होता. गेल्या वर्षी फी जमा झाली १९ लाख. दोन मुलं कामाला आहेत, दोघांचे मिळून महिन्याला ४२ हजार, वर्षाचे पाच लाख. ऑफिसभाडं १ लाख ८ हजार. सॉफ्टवेअर, प्लॉटर, वीज, पेट्रोल धरून दोनच्या वर. राहिले पावणेअकरा लाख, म्हणजे महिन्याला ९० हजार, त्यातून आयकर. बिल्डर १० टक्के टीडीएस कापून देतो, तो रिटर्नच्या वेळी जुळवायचा. २० लाखांच्या आत असल्यामुळे जीएसटीची नोंदणी लागत नाही, हे अभिमानाने सांगावं की लाजून, ते ठरत नाही. वय ४६. आणि हे चांगलं वर्ष. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावभर होतं, त्यानंतर सहा महिने मी लोकांच्या भिंतींना गेलेले तडे बघत फिरलो. त्याचे कुणाकडे मागणार? त्या वर्षीची शिल्लक साडेतीन लाख.

बिल्डरच्या कामाला फुटाचा दर कमी, पण फूट जास्त. महारेराला (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाला) द्यायचं काम किती झालं याचं प्रमाणपत्र आपल्या सहीने जातं, त्यामुळे निदान फोन तरी उचलतात. एका बिल्डरने सहा लाखांच्या फीऐवजी गाळा घेता का विचारलं. तेव्हा चडफडत घेतला. आज त्याचं महिन्याला सात हजार भाडं येतं. तेवीस वर्षांत वेळेवर येणारा पैसा तेवढाच.

जिना क्रमांक चार, मुंबई

तिसरी वाटही आहे. मी नऊ वर्षांची अनुभवी, पगार ९५ हजार, पाच दिवसांचा आठवडा. काम बीआयएमचं, म्हणजे इमारतीचं सगळ्या तपशिलांसकट कॉम्प्युटरवर मॉडेल करायचं. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं मॉडेल रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरवर अंधेरीत बसून तयार करायचं आणि एसीचा डक्ट कुठल्या बीमवर आपटतो ते शोधायचं. त्या इमारती मी कधी बघणार नाही. सहा वर्षांत कुणाचं घर डिझाइन केलेलं नाही. हप्ता जातो, झोप होते. माझं नाव एका जिन्यावरून पडलंय, यावरून काय ते ओळखा.

बेदाणा, तासगाव

सगळ्यांचे आभार. मुलीला वाचायला दिलं. शर्टपीसवर हसली आणि म्हणाली, "त्यांनी टप्पे बदलले ना, मग झालं." तिला पैशांचं काही वाटतच नाही, हीच माझी काळजी आहे. ओळंबा साहेब, तुमची मुलगी असती तर पाठवली असती का?

ओळंबा, सांगली

मुलगी आहे, नववीत. हा प्रश्न आमच्याही घरात येणार आहे, तेव्हा आत्ताच उत्तर देऊन अडकत नाही.

सरकारी किंवा अनुदानित कॉलेजची आशा कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या) शेवटच्या राउंडपर्यंत सोडू नका. फीतला फरक एवढा आहे की पहिली चार वर्षं पगार कमी असला तरी अंगावर येत नाही. साडेआठ-नऊ लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन १६ हजारांच्या नोकरीला लागणं वेगळं.

शनिवारी माधवनगर रस्त्याला एका घराचा स्लॅब आहे. घेऊन या तिला. सकाळी साडेसातला, बूट घालून, चप्पल नको. मालकाने तिसरा टप्पा अजून दिलेला नाही, तेही बघायला मिळेल.