मदत हवी आहे: कॉर्डिसेप्सची कोणती चाचणी आधी करू?

कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस (एक औषधी बुरशी) ब्राउन राइसवर, बरण्यांमध्ये घेतो. ड्रायरमध्ये ४५ अंशांवर कुडकुडीत वाळवून पूड करतो. गिऱ्हाईक नुसती पूडच घेतं, कॅप्सूल नाही.

एका प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला: पॉलिसॅकराइड (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) ४१ टक्के. आधी खूश झालो, मग पद्धत वाचली. फिनॉल-सल्फ्युरिक ॲसिड! त्यात स्टार्चही मोजला जातो. पुडीचा काढा गार करून आयोडीनचे दोन थेंब टाकले, तर रंग निळा-काळा. म्हणजे तोडणीत खालचा भातही खरवडला गेलाय. (चूक माझीच, मीच घाईत होतो.) आता फक्त वरचे केशरी कोंब कात्रीने कापले, त्यांचा काढा निळा होत नाही.

पुन्हा तपासायचंय, पण बजेट एकाच चाचणीचं. एकूण ग्लुकनमधून अल्फा (त्यात स्टार्च येतो) वजा करून बीटा-ग्लुकन (बुरशीच्या पेशीभित्तीतलं पॉलिसॅकराइड) काढणारी एन्झाइम पद्धत, की एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) कॉर्डिसेपिन (या बुरशीतला खास घटक)? दुसरी घेतली तर ॲडेनोसिनही (कॉर्डिसेपिनसारखाच रेणू) प्रकाशाच्या २६० नॅनोमीटर तरंगलांबीलाच दिसतं, मग दोन्हींचे स्टँडर्ड (तुलनेसाठीचे शुद्ध नमुने) लावायला सांगायचे ना? आणि अर्क नुसत्या पाण्यात काढायला सांगू की पाणी-इथेनॉलमध्ये?