मदत हवी आहे: हाताने केलेली जास्तीची शुभेच्छापत्रं संस्थेच्या विक्रीसाठी द्यायची आहेत

नमस्कार मंडळी. कार्डं करायचा नाद असल्याने घरात खोकी भरली आहेत. पडून राहण्यापेक्षा ती एखाद्या सेवाभावी संस्थेच्या विक्रीत जावीत, सगळे पैसे त्यांनाच मिळावेत, अशी मनापासून इच्छा आहे. आतून कोरी असलेली सहज खपतील. घेणारा आपला मजकूर लिहू शकतो. पण क्विलिंगच्या (कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून केलेल्या) फुलांची कार्डं पारदर्शक पिशवीत घातली की पाकळ्या चेपतात, आणि जाडीमुळे नेहमीच्या पाकिटात मावतच नाहीत. तुम्ही अशी कार्डं कशी ठेवता? शिवाय काही तयार रबरी शिक्क्यांची नक्षी वापरून केलेली कार्डं विकण्यावर शिक्के बनवणाऱ्यांच्या अटी असतात. पैसे संस्थेला जाणार असले तरी त्या पाळाव्या लागतात का? आणि सुटी विकावीत की संच करून? अनुभव असलेल्यांनी जरूर सांगा.