पप्पांनी व्हिडिओ बघून शुगरची गोळी बंद केलीय, खरंखोटं कसं तपासायचं?

कराडची_लेक
नमस्कार सगळ्यांना, जरा घाईत लिहितेय. पप्पा ६३ वर्षांचे, आईपप्पा कराडला आणि मी पुण्यात. आठ वर्षं झाली शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू होतं, बरं चाललेलं. काल आईचा फोन आला की तीन आठवडे झाले त्यांनी गोळी घेतलेलीच नाही. युट्यूबवर कुणीतरी पांढरा कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून सांगतोय की ही गोळी किडनी खाते, आणि खाली चूर्ण मागवायला नंबर. १८०० रुपयांचा एक डबा, असे दोन मागवलेत पण. पप्पा म्हणतात डॉक्टरांना कंपनीकडून कमिशन मिळतं, हा माणूस निदान खरं तरी बोलतोय. मी रात्री दोनपर्यंत गुगल करत बसले, "मेटफॉर्मिनने किडनी खराब होते का" टाकलं तर निम्मे हो म्हणतात निम्मे नाही, आणि प्रत्येकाकडे कुठल्या ना कुठल्या संशोधनाचं नाव आहे. मी कॉमर्सवाली, मला त्यातलं काय कळणार. तुम्ही लोक खरं कसं ओळखता? आणि पप्पांशी बोलू कसं, विषय काढला की त्यांचा आवाज चढतो.

औषधवाला_कोल्हापूर
ताई, आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच फोन लावा आणि उद्या सकाळी उपाशीपोटी शुगर तपासून घ्या. वाचन मागनं करा. गोळी परत चालू करताना पण त्यांना विचारूनच करा.

माझं मेडिकल आहे, २२ वर्षं काउंटरवर उभा आहे. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. म्हणजे "शुगर मुळापासून बरी करतो" अशी जाहिरात करायलाच बंदी आहे, औषध कुठल्या का पॅथीचं असंना. त्यामुळं मी तर हे वाक्य ऐकलं की पुढचं ऐकतच नाही.

डब्याचा फोटो मागवून घ्या. लायसन्स नंबर, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आहे का बघा. आमच्याकडं एक मावशी यायच्या, कुणीतरी दिलेल्या पुड्या घ्यायच्या, लेबल नाही काही नाही. शुगर झपाट्यानं उतरली म्हणून खूश होत्या. एक दिवस दुकानातच दरदरून घाम फुटला, हात लटलट कापायला लागले, मीटर लावला तर शुगर ५२, म्हणजे धोक्याइतकी कमी. पुड्यांत काय होतं ते कधीच कळलं नाही, पण "शंभर टक्के हर्बल" म्हणून विकलेल्या चूर्णांत शुगरचीच अ‍ॅलोपॅथी गोळी, ग्लायबेनक्लामाइड, दळून मिसळलेली तपासणीत सापडलेली आहे, तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो. कशाचाही त्रास झाला तर सरकारचा टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद तिथं करता येते.

आणि कमिशनचं म्हणाल तर मेटफॉर्मिन १९५७ पासून वापरात आहे, पेटंट वगैरे कधीच संपलं, जनऔषधीत तर अगदी स्वस्तात मिळतं. त्या गोळीत कुणाला काय मिळणार? १८०० चा डबा विकणाऱ्याला किती मिळतं ते पप्पांनाच विचारा.

बायोकेम_शिकवते
वरच्या दादांनी महत्त्वाचं सांगितलंच आहे, मी फक्त किडनीचं बोलते, कारण ही अफवा एका खऱ्या गोष्टीवर उभी आहे आणि म्हणूनच ती पटते. मेटफॉर्मिन शरीरातून किडनीवाटे बाहेर पडतं. किडनीचं काम कमी झालं तर ते साठून राहू शकतं, म्हणून डॉक्टर ईजीएफआर नावाचा, किडनी किती काम करतेय ते सांगणारा आकडा बघून डोस कमी करतात आणि तो ३० च्या खाली गेला की गोळी बंद करतात. आता ज्याची किडनी शुगरमुळे आधीच बिघडलीय त्याची गोळी बंद होते, आणि शेजारी म्हणतात बघा, गोळीनेच किडनी गेली. उलटं आहे ते. किडनीचं खरं नुकसान वर्षानुवर्षं वाढलेली शुगर आणि बीपी करतात.

शोधताना तू प्रश्नातच उत्तर टाकलंस ना, "किडनी खराब होते का", मग तशीच पानं वर येणार. नुसतं औषधाचं नाव आणि "साइड इफेक्ट" टाक आणि ब्रिटनच्या एनएचएसचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, किंवा अमेरिकेतल्या मेडलाइनप्लस या सरकारी साइटचं पान उघड. तिथे विकायला काही नसतं. आणि तिथे वाईट पण लिहिलेलं असतं, की सुरुवातीला पोट बिघडतं, बरीच वर्षं घेतली तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. माझी स्वतःची पहिली परीक्षा हीच, की जे पान औषधाचे तोटे पण सांगतं त्यावर मी विश्वास ठेवते, ज्याच्यात फक्त फायदेच आहेत ते बंद करते.

संशोधनाचं नाव दिसलं की घाबरू नकोस, उघडून दोनच गोष्टी बघ, उंदरांवर केलंय की माणसांवर, आणि किती जणांवर. चूर्णात बहुतेक कारलं असेलच. कारल्यावर कॉक्रेन या औषधोपचारांचे अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये सगळे अभ्यास गोळा करून तपासले, निकषात बसणारे फक्त चार निघाले, माणसं मिळून ४७९, आणि निष्कर्ष हा की टाइप टू मधुमेहासाठी ते द्यावं असं म्हणण्याइतका पुरावा नाही. म्हणजे कारल्याची भाजी खाऊ नये असं नाही हां, पप्पांना आवडत असेल तर खुशाल खाऊ दे, गोळीच्या जागी नको एवढंच. आणि "१५ दिवसांत फरक" वाले एका सकाळचा रिपोर्ट दाखवतात, एचबीएवनसी या रक्ततपासणीचा रिपोर्ट विचार, तो साधारण तीन महिन्यांचा हिशोब सांगतो.

सासर_नाशिक
माझ्या सासूबाईंचं बीपीच्या गोळीवरून असंच झालेलं. मी पहिल्या दिवशी म्हणाले "आई, कशावर पण विश्वास ठेवता तुम्ही", आणि झालं, पुढचे दोन महिने त्या गोळी घेतली की नाही हेच सांगायच्या नाहीत. ती चूक करू नकोस गं. पप्पांना भीती वाटलीय किडनीची, ती भीती खोटी नाहीये, त्यांच्या ओळखीत कुणी डायलिसिसवर आहे का बघ. फोनवर नकोच, समोर जा, व्हिडिओ त्यांच्याबरोबर बसून पूर्ण बघ आणि प्रश्न कागदावर त्यांनाच लिहायला सांग. डॉक्टरांसमोर गेलं की आपली माणसं गप्प बसतात, कागद हातात असला की विचारतात.

कराडची_लेक
सगळ्यांचे खूप खूप आभार, रविवारी जाऊन आले. सकाळची शुगर २३८ निघाली. सासर_नाशिक, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण पप्पांचे मित्र खरंच डायलिसिसवर आहेत, ते स्वतः त्यांना गाडीवरून सोडायला जातात, आणि हे मला माहीतच नव्हतं. पप्पांनी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे चार प्रश्न लिहिले, डॉक्टरांनी एकेक वाचून उत्तर दिलं. फेब्रुवारीचा रिपोर्ट पिशवीतून काढला तर ईजीएफआर ८१. पप्पा तो आकडा बराच वेळ बघत होते. गोळी त्याच संध्याकाळपासून चालू झाली, बी-१२ ची तपासणी पप्पांनी स्वतःहून मागितली. फोडलेला डबा डॉक्टरांनी ठेवून घेतला, दुसरा अजून घरी कपाटात आहे, मी त्याला हात लावलेला नाही.